आतली हवा, बाहेरची हवा

आमची गाडी गॅरेजमध्ये गेली की गार व्हायची आणि सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात निघाली की तापायची. एप्रिलचा जवळजवळ सगळा महिना मी या एकाच गोष्टीच्या हात धुऊन मागे लागले होते. मला गाडीतलं काही कळत नाही, पण हट्ट भरपूर आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो थोडा होता, इथे राहून वाढला.

घरात आम्ही दोघंच असतो. सासरे चौऱ्याऐंशीचे, मी अठ्ठावन्नची. माझ्या नवऱ्याला जाऊन आठ वर्षं झाली आणि लेक नोकरीसाठी बंगळुरात आहे. 'तुम्ही सासऱ्यांकडे राहता की ते तुमच्याकडे?' असं सोसायटीतल्या बायका विचारतात. मी सांगते, आम्ही दोघंही एकमेकांना सांभाळून घेतो, आणि कोण जास्त सांभाळून घेतं यावर आमची रोज भांडणं होतात.

बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि गिऱ्हाइकाने उभं राहावं एवढी जागा. चाळीस वर्षं त्यांनी तिथे बसून लोकांचे रेडिओ बोलते केले. आलेल्या प्रत्येक रेडिओची वहीत नोंद असायची. डाव्या रकान्यात 'दोष', उजव्या रकान्यात 'उपाय', आणि अक्षर असं की छापलंय असं वाटावं. दुकान बंद झालं तरी वहीची सवय गेली नाही. घरातला मिक्सर, पंखा, गीझर, सगळ्यांचे आजार त्यांच्या वहीत आहेत. त्यांचा एक नियम मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही म्हणून दाखवीन. एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि रेडिओ वाजला, तर तो दुरुस्त झाला नाही, नशिबाने वाजला.

फेब्रुवारीत त्यांचा खोकला थांबेना. तपासण्या झाल्या आणि टीबी निघाला. डॉक्टर टीबी म्हणाले, बाबा 'क्षय' म्हणाले, आणि त्यानंतर दोन दिवस काहीच म्हणाले नाहीत. माझीही तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. गोळ्या सुरू झाल्या. त्या वयात गोळ्यांनी लिव्हर बिघडू शकतं म्हणून दर आठवड्याला रक्त द्यायला आणि डॉक्टरांना दाखवायला जायचं होतं. मार्चअखेर थुंकी तपासली, तिच्यात जंतू नव्हते. डॉक्टरांनी माझ्यासमोर स्वच्छ सांगितलं, "आजोबा, आता तुमच्यापासून कोणालाही धोका नाही. गोळ्या मात्र पूर्ण घ्यायच्या. घरात सगळ्यांत मिसळून राहा."

बाबांनी मान डोलावली. घरी आले आणि आपला कप, ताट, वाटी आणि चमचा उचलून बाल्कनीतल्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. तिथेच धुवायचे, तिथेच उपडं घालायचे. घरातही मास्क लावून बसू लागले. मी समजावलं, चिडले, शेवटी एक दिवस सकाळपासून मीही मास्क लावला. स्वयंपाक करताना, भाजी निवडताना, टीव्ही बघताना. संध्याकाळपर्यंत मला घाम फुटला होता. त्यांनी मुकाट्याने आपला मास्क काढला, मग मी माझा काढला. कप मात्र बाल्कनीतच राहिला. मला वाटलं, अर्धी लढाई जिंकली.

पुढच्याच आठवड्यात गाडी तापली.

आमची गाडी लहान आणि जुनी आहे. माझ्या नवऱ्याने घेतलेली शेवटची मोठी वस्तू, म्हणून मी ती विकत नाही. बिबवेवाडीतून निघायचं, मार्केट यार्डावरून स्वारगेटकडे जायचं आणि पुढे दवाखाना. अंतर फार नाही, पण डॉक्टरांची वेळ अकरानंतरची, परत निघायला एक वाजायचा, आणि त्या वेळी त्या रस्त्याने गाडी चालत नाही, नुसती उभी राहते. एसी पूर्ण सोडला होता तरी जाळीतून येणारी हवा कोमटच. बाबा शेजारी बसून घामाघूम झाले होते. दवाखान्याची फाईल त्यांनी मांडीवर उभी धरली होती आणि तोंड खिडकीकडे केलं होतं. माझं गाडी चालवणं त्यांना आवडत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिक पन्नाशीचा, कमी बोलणारा, आणि बोलला तर टोमणाच मारणारा. त्याने गॅसचं प्रेशर बघितलं, ते ठीक होतं. गाडीच्या नाकाशी असलेल्या जाळीत गुलमोहराची पानं आणि वर्षभराची धूळ अडकली होती, ती पाण्याने धुतली. मग एसी लावून माझा हात आतल्या हवेच्या जाळीपुढे धरायला लावला. हवा बर्फासारखी होती. निघताना त्याने रेडिओखालचा एक छोटा खटका दाखवला. "हा असा डावीकडे ठेवायचा मॅडम, म्हणजे आतलीच हवा आत फिरते. उजवीकडे सरकवला की बाहेरची हवा आत येते. मग एसीला सगळं पुणं गार करत बसावं लागतं."

मी घरी येऊन हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं. मग कपाटातून दुकानातलं एक तापमापक काढलं, छोट्या डबीएवढं, लांब वायर असलेलं. त्या वायरचं टोक जाळीत अडकवायचं आणि डबीवर आकडा वाचायचा. "नुसतं गार वाटतं, गरम वाटतं, याला काही अर्थ नाही," ते म्हणाले. "आकडा पाहिजे." वहीत नवं पान उघडलं आणि वर गाडीचा नंबर लिहिला. मला बरं वाटलं. आजार निघाल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच वही उघडली होती.

गुरुवारी दवाखान्यात निघालो. सोसायटीच्या फाटकाशी आकडा नऊ होता. मार्केट यार्डाच्या चौकात पोहोचेपर्यंत तो अठरा झाला. बाबांनी तो वहीत लिहिला.

मेकॅनिकने मग पायाशी असलेला कप्पा काढून त्यामागची हवेची गाळणी बाहेर ओढली. ती इतकी काळी होती की मला लाज वाटली. नवी बसवली, हवेचा जोर दुप्पट झाला. गॅरेजमध्ये आकडा आठ. पुढच्या गुरुवारी चौकात सतरा. म्हणजे आता गरम हवा जोरात यायला लागली.

त्या दिवशी परत येताना बाबा मला एकदम फिके दिसले. हाक मारली तर नुसतं हं केलं. हात लावला तर हात गार आणि ओला. मी गाडी तशीच वळवून पुन्हा दवाखान्यात नेली. अंगातलं पाणी कमी झालं होतं, रक्तदाब खाली गेला होता. दोन तास सलाईन लावून सोडलं. डॉक्टर मला म्हणाले, "या वयात, या औषधांवर, अशा उन्हात हे परवडणार नाही. गाडी थंड करून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी मी त्यांना इथेच ठेवून घेईन."

दवाखान्यात राहायचं नाव काढलं की बाबांचा चेहरा लहान मुलासारखा होतो. घरी आल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळेपासून तू येऊ नकोस. मी रिक्षाने जाईन."

"रिक्षाने? या उन्हात?"

"रिक्षा मोकळी असते. हवा येते."

मला संताप आला. माणूस नुकताच सलाईनवरून उठून आलाय आणि याला मोकळी हवा पाहिजे. रात्री भांडी घासताना मला रडू आलं. मला त्यांना गमवायचं नव्हतं. एवढं साधं होतं ते, पण असं कोणाला तोंडावर सांगायची आमच्या घरात पद्धत नाही.

मी तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकने पुढचा पंखा तपासला, पट्टा तपासला, गाडी अर्धा तास उन्हात उभी करून चालू ठेवली. आकडा नऊच्या वर जाईना. त्याने हात पुसले. "मॅडम, गाडी माझ्याकडे आली की गार, तुमच्याकडे गेली की गरम. मी काय करू? इथेच राहायला येता का?"

मग रविवारी मी बहिणीकडे वाघोलीला गेले. सव्वा तास गाडीत होते, त्यातला निम्मा वेळ ट्रकच्या मागे उभी. आकडा नऊ, पूर्ण रस्ताभर नऊ. घरी येऊन मी तो वहीत लिहिला. बाबांनी वाचला आणि "हं" म्हणाले.

"बाबा, वाघोलीला जाऊन येते तोवर गार राहते आणि मार्केट यार्डापर्यंत राहत नाही. असं का?"

"वेळ वेगळी, रस्ता वेगळा, ऊन वेगळं. तीन गोष्टी बदलल्यास तू. यातून काही सिद्ध होत नाही."

"बरं. मग उद्या मी तोच रस्ता, त्याच वेळी जाऊन येते. फक्त तुम्ही नाही. एकच बदल."

ते पटकन म्हणाले, "कशाला उगाच पेट्रोल जाळतेस." स्वतःच्या नियमाला त्यांनी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. पण ते माझ्या लक्षात नंतर आलं. तेव्हा वाटलं, काटकसर बोलतेय.

सोमवारी भर बारा वाजता मी एकटी निघाले. दवाखान्यापर्यंत गेले, वळले, परत आले. मार्केट यार्डाच्या चौकात दोन सिग्नल उभी होते, पुढे कांद्याचा ट्रक, बाजूला कोथिंबिरीच्या जुड्यांनी भरलेला टेम्पो. आकडा नऊ. मी गाडीत बसल्या बसल्या हिशेब मांडला. गॅस ठीक, पंखा ठीक, गाळणी नवी, रस्ता तोच, ऊन तेच. फरक एकच आहे, माझ्या शेजारची सीट रिकामी आहे. पण एक म्हातारा माणूस, तोही पन्नास किलोचा, आठ-नऊ अंश तापमान कसं वाढवील? मी शाळेत विज्ञान शिकलेय. इतकी उष्णता माणसात असती तर आम्हाला गीझर लागला नसता.

गुरुवार आला. ते रिक्षाचा हट्ट सोडेनात, मग मी गाडीचं दार उघडून उभी राहिले आणि म्हटलं, "तुम्ही रिक्षाने गेलात तर मी गाडी घेऊन रिक्षाच्या मागे येईन. तेवढं पेट्रोल जळेलच." ते येऊन बसले. फाईल मांडीवर उभी धरली, तोंड खिडकीकडे.

निघताना नऊ, वळणावर बारा, चौकात सोळा. सिग्नल लाल होता. पुढे पुन्हा कांद्याचाच ट्रक. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या ट्रककडे बघत बसले होते, आणि मला कांद्याचा वास आला. चांगला दणदणीत, नाकात शिरणारा. सोमवारी याच चौकात, असाच ट्रक पुढे असताना मी एकटी बसले होते तेव्हा काहीच वास आला नव्हता.

"बाबा, कांद्याचा वास येतोय."

"मार्केट यार्ड आहे," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "अत्तराचा येईल का?"

"काचा बंद आहेत. आत कसा येतोय?"

मी उभ्या फाईलच्या मागे हात घातला, रेडिओच्या खाली, त्या खटक्यापाशी. तिथे त्यांची बोटं होती. खटका उजवीकडे होता.

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मी चौक ओलांडला आणि एका लिंबू सरबताच्या गाड्याच्या पुढे, झाडाच्या सावलीत गाडी थांबवली. मग मी बोलायला लागले. एक महिना मी गॅरेजच्या खेपा घालतेय, डॉक्टरांची बोलणी खातेय, गेल्या गुरुवारी तुम्ही माझ्या हातात गार पडला होतात, आणि तुम्ही स्वतःच हे करत होतात? वर वहीत आकडे लिहीत होतात?

"आकडे खरे लिहिले," ते म्हणाले. "एकही खोटा नाही."

"आणि दोष?"

त्यांनी फाईल हळूच खाली ठेवली. घाम त्यांच्या कानामागून ओघळत होता.

"तो डावीकडे असला की आतली हवा आतच फिरते," ते म्हणाले. "मी सोडलेला श्वास तू घेतेस. म्हणून निघालो की उजवीकडे करायचो, उतरताना परत डावीकडे. काच खाली केली असती तर तू भांडली असतीस. मास्क तू लावू देत नाहीस."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना, धोका नाही?"

"डॉक्टर माझ्या लहानपणीही होते," ते म्हणाले, अजून खिडकीकडेच बघत. "आईला झाला होता. मी सात वर्षांचा. तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं, ताट उंबऱ्याशी ठेवायचे. मला आत जायची बंदी. मी रोज उंबऱ्याबाहेर उभा राहून पाटीवर लिहिलेलं तिला दाखवायचो. आणि मी आलो की ती भिंतीकडे तोंड करायची. तशीच पडल्या पडल्या म्हणायची, छान आहे. बघायची नाही. मला वाटायचं, माझं अक्षर वाईट आहे म्हणून बघत नाही. मग मी पुढच्या खोलीत बसून गिरवायचो, गिरवायचो. ती जाईपर्यंत गिरवत होतो."

मला त्या वहीतलं अक्षर आठवलं.

"पुष्कळ वर्षांनी कळलं," ते म्हणाले. "ती श्वास दुसरीकडे सोडत होती."

सरबतवाला आमच्याकडे बघून ग्लास धुवायला लागला. मी मान हलवून नको म्हटलं.

"एक गेला," बाबा म्हणाले. "तू उरलीस. माझ्यामुळे तुला काही झालं तर मी काय करायचं?"

असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, त्यात एकदाही नाही. मी म्हटलं, "महिनाभर तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसताय. मला काय वाटत होतं, माहीत आहे? माझं ड्रायव्हिंग तुम्हाला आवडत नाही."

"तेही आहे," ते म्हणाले.

मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. मी पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले. "बाबा, तेव्हा तुमच्या आईला औषध नव्हतं. तुम्हाला आहे, आणि ते लागू पडलंय. तिने भिंतीकडे तोंड केलं तर तुम्ही आयुष्यभर अक्षर गिरवत बसलात. आता मी काय सुधारत बसू? गॅरेजच्या तीन खेपा झाल्या माझ्या."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. पूर्ण वळून, समोरासमोर. महिनाभरात मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून बघितला नव्हता. दाढी करताना गालावर एक जागा सुटली होती, ती त्यांना आता दिसत नाही. मला ते फार आवडतात, हे मला त्या क्षणी इतकं स्पष्ट कळलं की मी घाबरलेच.

खटका मी सरकवला नाही. त्यांनीच सरकवला, डावीकडे, आणि मग आपला हात मांडीवर घेतला. तापमापकाची डबी उचलून ते आकडे वाचायला लागले. सोळा. चौदा. बारा. दवाखान्याच्या फाटकाशी नऊ झाले. प्रत्येक आकडा त्यांनी माझ्याकडे तोंड करून सांगितला, आणि दोन आकड्यांच्या मध्ये मला लेन बदलायची घाई करू नकोस असंही सांगितलं.

परत येताना एक वाजला होता आणि चौकात चार सिग्नल लागले. बाबांनी बाह्या खाली केल्या, बटणं लावली. गार लागतंय म्हणाले. मी म्हटलं, लागू द्या.

घरी आल्यावर त्यांनी वही उघडली. मी पाणी घेऊन गेले तेव्हा दोषाच्या रकान्यात, त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'मेकॅनिक'. गॅरेजवाला नव्हे, रेडिओवाला. उपायाचा रकाना कोरा होता. त्यांनी पेनचं टोपण लावलं, उठून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. मी चहा टाकला. मुद्दाम वळून बघितलं नाही.

ते स्वयंपाकघरात आले तेव्हा त्यांच्या हातात कप, ताट, वाटी आणि चमचा होता. भांड्यांच्या मांडणीत माझ्या ताटामागे त्यांनी ताट उभं केलं. वाटी वाट्यांत घातली, चमचा चमच्यांत. कप ओट्यावर माझ्या कपाशेजारी ठेवला, चहा ओतायला.

"आणि क्लचवर पाय ठेवून चालवतेस तू," ते म्हणाले. "दहा वर्षं बघतोय. आवाज येतोय त्याचा. या महिन्यात राहू दे, पुढच्या उन्हाळ्याआधी आपण दोघं जाऊन बदलून आणू."